मराठी गेली, तेलुगू राहिली

वडवणीची एक बाई परवा माझ्याकडे आली होती. तिच्या नवऱ्याला वाऱ्याचा झटका आलाय. हातपाय चालतात, पण बोलणं गेलं. दिंद्रुडच्या एका बाईचं बोलणं असंच गेलतं आणि परत आलं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. उंबऱ्यातच उभी राहून ती म्हणाली, "बाई, कोणतं औषध घेतलं तेवढं सांगा."

मला नाव सांगता येईना. बाटलीतलं औषध मी प्यायले खरी, पण बोलणं काही त्यानं आलं नाही. कशानं आलं ते सांगायला बसले, तोवर तिच्या गावाकडची गाडी निघायची वेळ झाली. मनात आलं, अशी आणखी माणसं असतील. म्हणून हे लिहून ठेवतेय. सांगते मी, लिहिते माझी लेक गोदावरी. माझ्या उजव्या हाताला अजून लेखणी धरवत नाही.

माझ्या दोन भाषा

माझे वडील निजाम सरकारच्या महसूल खात्यात गिरदावर होते. आमचं घर मराठी, पण त्यांची बदली तेलंगणात निर्मळच्या बाजूला झाली आणि तिथंच माझा जन्म झाला. मी रांगायला लागण्याआधीच आई गेली. शेजारच्या राजम्मानं मला वाढवलं. वडील दौऱ्यावर आणि मी राजम्माच्या ओसरीवर. माझ्या तोंडातला पहिला शब्द तेलुगू होता. मराठी नंतर आली, वडिलांच्या ताटाशी बसून.

लग्न होऊन दिंद्रुडला आले तेव्हा माझ्या मराठीला घरात सगळे हसायचे. जाऊबाई माझी नक्कल करायच्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या एकदा म्हणाल्या, "अशी का बोलतीस गं? तोंडात खडे हायत का?" त्या दिवसापासून मी तेलुगूला आतून कडी घातली. पुढं वडीलही वारले आणि ती भाषा बोलायला माझं म्हणून कुणी उरलंच नाही. घरातही सगळे विसरून गेले की मला दुसरी भाषा येते. मीसुद्धा.

त्या सकाळी

गोदावरी तान्ही होती. मी बाळंतिणीच्या खोलीतच होते. आदल्या दिवसापासून डोकं ठणकत होतं, पण बाळंतिणीचं डोकं दुखायचंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पोरीला तेल लावायला तेलाची वाटी उचलली आणि ती हातातून सुटली. पुन्हा उचलायला गेले तर उजवा हात माझं ऐकेना.

आवाजानं जाऊबाई धावत आल्या. "काय झालं गं?"

मी म्हणाले, "काही नाही, हात सुटला." निदान मला तरी वाटलं की मी हेच म्हणाले. जाऊबाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग त्या मागं सरल्या आणि त्यांनी आत्याबाईंना हाक मारली.

हे दुखणं ज्याला झालं नाही त्याला हे कसं सांगावं? आत माझे शब्द जागच्या जागी होते. बाहेर मात्र नुसतं बोबडं, तुटकं काहीतरी पडत होतं. दुसऱ्यांचं बोलणंही अर्धंमुर्धं कळायचं. आवाज ओळखीचा, माणूस ओळखीचा, आणि शब्द मध्येच हरवायचे.

आत्याबाईंनी पोरीला उचलून घेतलं. मी डावा हात पुढं केला आणि म्हणाले, "पाप."

तेलुगूत तान्ह्या मुलीला पाप म्हणतात. शेवटचा प जरा पुरा उच्चारायचा, एवढंच. राजम्मा मला कितीतरी वर्षं त्याच नावानं हाक मारायची. मी माझी पोर मागत होते. आणि मी तेलुगू बोलतेय हे मला स्वतःलाही कळत नव्हतं.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "पाप? कुणाचं पाप? तू केलंस का काही?"

मला वाटलं त्या विचारतायत, पोर हवी का. मी जोरानं मान हलवली. हो, हो.

त्यांनी पोरीला पदराखाली घेतलं आणि त्या खोलीबाहेर गेल्या.

घर

पुढचे दिवस मी आजवर कुणाला नीट सांगितलेले नाहीत. गोदावरीला जाऊबाईंच्या खोलीत ठेवलं. त्यांचंही मूल अंगावर पीत होतं, त्यांनी माझ्या पोरीलाही पाजलं. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही. पण भिंतीपलीकडं ती रडली की माझी चोळी भिजायची, छाती दगडासारखी व्हायची आणि मी भिंतीवर थापा मारत "पाप, पाप" म्हणायचे. जितकी म्हणायचे तितकी माणसं दाराबाहेर सरकायची. देवऋषी येऊन लिंबू उतरवून गेला. शेजारणी दारातून डोकावून गेल्या.

घरात आम्ही नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून मी त्यांना 'हे' म्हणते. ह्यांचा कापसाचा व्यापार होता. दिवसभर बाहेर असायचे. संध्याकाळी माझ्या खाटेशी येऊन उभे राहायचे आणि निघून जायचे. एका संध्याकाळी चुलत सासरे आले. माझ्या खाटेपासून हातभर अंतरावर बसून ते ह्यांना म्हणाले, "डोकं फिरलंय तिचं. लेकराच्या जिवाला धोका हाय. तिला माहेरी कुणी न्हाई, तर पडू दे एका कोपऱ्यात. तू दुसरं बघ."

सगळे शब्द कळले नाहीत, पण 'दुसरं बघ' कळलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे गप्प बसले. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याची मला आजाराहून जास्त भीती वाटली.

पण सकाळी अंगणात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. ह्यांनी गाडीला छप्पर बांधलं होतं. "बीडला नेतो," एवढंच ते आत्याबाईंना म्हणाले. आत्याबाईंनी शिधा बांधला आणि कुणी सांगायच्या आत गाडीत चढून बसल्या. पोर जाऊबाईंकडंच राहिली. गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत मी घराकडे हात करून तोच एक शब्द म्हणत होते.

बीडचा दवाखाना

सरकारी दवाखान्यात बायकांची खोली वेगळी होती आणि तिच्या दाराला जाड पडदा होता. डॉक्टरसाहेब मुसलमान होते, हैदराबादकडचे. वय झालेलं, दाढी पांढरी. ते उर्दू बोलायचे. हे कचेरीच्या कामापुरती उर्दू शिकलेले, म्हणून प्रश्न ह्यांना आणि उत्तरंही ह्यांचीच. मी आपली दोघांच्या तोंडाकडे बघत होते.

डॉक्टरांनी माझा हात दाबून पाहिला, पायाला टोचून पाहिलं, जीभ बाहेर काढायला लावली. मग ह्यांना विचारलं, "बोलती क्या हैं?"

हे खाली बघत म्हणाले, "साहब, सिर्फ पाप, पाप बोलती है."

तेवढ्यात मी म्हणालेच, "पाप." आणि डावा हात छातीशी नेला.

डॉक्टर थांबले. माझ्याकडे नीट बघून त्यांनी ह्यांना विचारलं, "इनका मैका कहाँ का है?"

"तेलंगाने का, साहब. निर्मल की तरफ."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी सावकाश मला विचारलं, "एमि कावालम्मा?"

काय हवंय बाई? राजम्मा चुलीपाशी बसून मला रोज हेच विचारायची. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी म्हणाले, "ना पाप. पालु." माझी पोर. दूध.

डॉक्टर ह्यांच्याकडे वळले. त्यांचा आवाज जरा चढला होता. "अरे मियाँ, ये तो अपनी बच्ची माँग रही हैं! तिलंगी में नन्ही बच्ची को पाप कहते हैं. दूध पिलाना चाहती हैं."

 हे आत्याबाईंकडे वळून म्हणाले, "आई, ती लेकरू मागतीय. इतके दिवस ती लेकरूच मागतीय."

आत्याबाई होत्या तिथंच फरशीवर बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठून माझ्याजवळ आल्या, माझं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणत राहिल्या, "मला कळलं न्हाई गं. मला कळलंच न्हाई."

डॉक्टरांनी सांगितलं ते ह्यांनी नंतर मला कितीतरी वेळा सांगितलंय. हा फालिज म्हणजे वाऱ्याचा झटका आहे, डोक्यातली एक नस बंद झाली आहे. बाई वेडी नाही. तिची अक्कल जागेवर आहे, बोलायची वाट तेवढी बंद आहे. लहानपणची भाषा आधी परत येते आहे, तेव्हा तिच्याशी आधी त्याच भाषेत बोला. असा एक माणूस त्यांनी पूर्वी पाहिला होता. तो पूर्ण बरा झाला का, असं ह्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पूरा नहीं. मगर घर चलाने जितना बोलने लगा." खोटी आशा दाखवली नाही, हे मला आजही बरं वाटतं.

हे त्याच दिवशी गाडी जुंपून माघारी दिंद्रुडला गेले. पोरीला आणि जाऊबाईंना घेऊन आले तेव्हा ह्यांच्या अंगावरचे कपडे धुळीनं मळून मातीच्या रंगाचे झाले होते. दूध आटत आलं होतं, पण लेक छातीशी लागली आणि ओढायला लागली. जाऊबाई पडद्याकडे तोंड करून रडत होत्या.

लच्छम्मा

दवाखान्याची सकाळ झाडूच्या आवाजानं सुरू व्हायची. मग डॉक्टरांची फेरी, मग कंपाउंडर लाल औषधाची बाटली द्यायचा. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर प्रत्येक वेळेच्या डोसाची खूण कातरलेली. रोग्यांच्या घरची माणसं मागच्या आवारात लिंबाखाली तीन दगड मांडून भाकरी करायची. बायकांच्या खोलीचं काम करणारी लच्छम्मा तेलंगणातली होती. डॉक्टरांनी तिला बोलावून सांगितलं, काम झालं की या बाईशी बोलत बसायचं.

ती गप्पिष्ट होती. माझ्या खाटेशी बसून तांब्या उचलायची आणि विचारायची, "इदि एमि?" हे काय? मी वाट बघायचे. शब्द जिभेच्या टोकाशी यायचा आणि मागं फिरायचा. लच्छम्मा घाई करायची नाही. पान चघळत बसून राहायची. मग एकदम माझ्या तोंडून पडायचं, "चेंबु." ती मांडीवर थाप मारायची.

पलीकडं आत्याबाई बसलेल्या असायच्या. मला वाटायचं, त्या कंटाळत असतील. एक दिवस त्यांनी लच्छम्माचा हात धरला. "ती काय म्हणाली? तांब्याला काय म्हणतात तुमच्यात?" लच्छम्मानं सांगितलं. आत्याबाईंनी तो शब्द दोनदा घोकला आणि त्या मला म्हणाल्या, "चेंबु. तांब्या. म्हण, तांब्या."

आणि मी म्हणाले, "तांब्या." पडलेल्या आवाजात, पण स्वच्छ.

तिथून ती रीतच पडली. आधी लच्छम्मा, मग मी, मग आत्याबाई, मग पुन्हा मी. उप्पु, मीठ. पालु, दूध. पाण्याला नीळ्ळु म्हणतात. आत्याबाईंच्या जिभेला ते वळेना. त्या म्हणायच्या, "निळू." मग खोलीभर विचारत सुटायच्या, "आमच्या सुनेला निळू पायजे, निळू कुठं हाय?" एका खाटेवरची म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, "कोण निळू? पुरुषमाणसाला आत कशाला बोलावता?" सगळी खोली हसली. लच्छम्मा तर पोट धरून हसली. आणि मीही हसले. दुखणं आल्यापासून पहिल्यांदा. एकेकाळी माझ्या बोलण्यात खडे शोधणारी ती बाई माझ्यासाठी स्वतःच्या जिभेला पीळ देत बसली होती.

रोजच असं चांगलं जायचं नाही. चुलीला मी सासू म्हणायचे, सासूला खाट. चुकलं हे कळायचं पण दुरुस्त करता यायचं नाही. काही दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि लच्छम्मा आली तरी वळायचे नाही. आपण अशाच राहणार, पोर मोठी होऊन आपल्याला लाजणार, असं मनात यायचं.  तेव्हा आत्याबाई पोर आणून माझ्या कुशीत टाकायच्या आणि बाहेर जाऊन बसायच्या. पोरीशी बोलताना चूक निघत नाही. तिला मी वाटेल त्या भाषेत वाटेल ते सांगायचे.

जात्यावर

घरी आलो तेव्हा तेलुगू बरीच परत आली होती, मराठीचे सुटे शब्द होते, पण वाक्य जमत नव्हतं. गावातली माणसं माझ्याशी ओरडून बोलायची, जशी काही मी बहिरी. कुणी बाळाशी बोलावं तसं बोलायची. ह्यांची तऱ्हा निराळी. मी बोलायला लागले की पुढचा शब्द हेच सांगून मोकळे व्हायचे. पाणी का? पोळी का? पोरगी का? मी शब्दाच्या मागं धावत असायचे आणि हे मध्येच आडवे यायचे. एकदा मी उठून त्यांच्या तोंडावर हात ठेवला. ते चमकले. मी हात तसाच ठेवून शोधत राहिले आणि शेवटी म्हणाले, "उशी." त्यानंतर हे थांबायला शिकले. त्यांना ते सगळ्यांत अवघड गेलं, पण शिकले.

एका पहाटे आत्याबाई जात्यावर बसल्या होत्या. मी समोर बसून डाव्या हातानं खुंटा धरला. त्यांनी ओवी धरली आणि माझ्याही नकळत माझा आवाज तिच्यात मिसळला. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण गाणं थांबवलं नाही. पुढची ओवी त्यांनी एकट्यानं म्हटली:

जवारी आली गं हुरड्याला, राखण गं पाखरांची,
वाट मी पाहते गं माझ्या माहेरच्या...

आणि मुद्दाम थांबल्या. जातं फिरत राहिलं.

"माणसांची," मी म्हणाले. मग पुन्हा, अख्खी ओवी. अख्खी! जे बोलता येत नव्हतं ते गाता येत होतं. आत्याबाईंनी जातं सोडलं, पिठाचे हात तसेच माझ्या गालांना लावले आणि म्हणाल्या, "हाय की गं सगळं आत. सगळं हाय."

तेव्हापासून आम्ही रोज गात दळायचो. गाण्यातले शब्द हळूहळू बोलण्यात उतरले. आधी चालीवर बोलायचे, मग चाल सुटली.

चुलत सासरे एकदा पुन्हा आले. ह्यांना विचारायला लागले, "आता कशी हाय ती? कळतं का काही तिला?" मी दारातच उभी होते. डोईवरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "मी... हितं हाय. मला... इचारा."  ते चहा न घेताच गेले. हे ओसरीवर एकटेच हसत बसले होते. थोड्या वेळानं आत येऊन मला म्हणाले, "त्या दिवशी मी काही बोललो न्हाई. बोलायला पायजे होतं." मी मान हलवली. त्याला शब्द लागला नाही.

वडवणीच्या बाईसाठी

तर बाई, मला कळलं ते एवढंच. तुझा नवरा बोलू शकत नाही, म्हणजे त्याला काही कळत नाही असं नाही. त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलू नको. ओरडू नको. त्याला शब्द सापडेपर्यंत थांब, कितीही जिवावर आलं तरी. लहानपणी तो कुणाच्या अंगाखांद्यावर वाढला, काय बोलायचा, काय गायचा, ते त्याच्या आईला विचार. आणि काही वेगळंच बोलत असेल, तर त्याला भ्रम झाला असं ठरवण्याआधी ते कुठल्या गावचं, कुठल्या बोलीतलं आहे याचा शोध घे.

सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. दमले की शब्द अडतात. आकडे अजून तेलुगूतच मोजते. पण आपण बऱ्या झालो, हे मला कोणत्या दिवशी कळलं ते नक्की आठवतं.

गोदावरीला दात येत होते. अंग तापलं होतं, डोळे जड झाले होते. आत्याबाईंनी न्हाणीपाशी पाणी काढलं आणि तिला न्हाऊ घालायला उचलली. मी चुलीवरून भाकरी काढत होते. भाकरी तव्यावरच टाकून मी धावले.

"आत्याबाई, पोरीला ताप हाय! तिच्या अंगावर पाणी घालायचं न्हाई म्हणजे न्हाई!"

"मला शिकवतीस व्हय गं?" त्या ताडकन म्हणाल्या. "मी इतकी लेकरं वाढवली..."

आणि थांबल्या. तांब्या हातातच राहिला. मीही थांबले. एकही शब्द शोधावा लागला नव्हता. राग आला होता आणि त्याच्याबरोबर शब्द आपसूक बाहेर पडले होते.

आत्याबाईंनी पोर माझ्याकडे दिली, न्हाणीतलं पाणी म्हशीपुढं ओतलं आणि तशाच दारात जाऊन शेजारणीला हाक मारली. "ऐकलं का गं? माझी सून मला उलटून बोलली! चांगली खडखडीत बोलली!" त्यांचा आवाज अख्ख्या आळीला ऐकू गेला असेल.

मग पदरानं डोळे पुसत त्या आत आल्या, कमरेवर हात ठेवला आणि माझ्याशी मनसोक्त भांडल्या. आणि मीही त्यांचा एक शब्द खाली पडू दिला नाही.